वर्षभराचं वचन

नाशिक
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय शांतवन,

प्रभूच्या नावात तुला आणि तू डोंगरावर सांभाळतोस त्या मंडळीला सलाम. तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर तू टेकडीवर उभा राहून नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करतोस, म्हणून पत्र. शाळेत बत्तीस वर्षं पोरांकडून पत्रलेखन घोटून घेतलं, ते आता मावसभावाच्या कामी येतंय.

एक काम आहे. एक जानेवारीच्या सकाळी उपासनेनंतर आपल्या मंडळीत वचनांचा डबा फिरतो, तू लहानपणापासून पाहिलायस. डोळे मिटून एक कार्ड उचलायचं, त्यावरचा प्रभूचा शब्द वर्षभर आपल्यासाठी असं मानायचं आणि कार्ड आरशाला खोचून ठेवायचं. बाजारात छापील मिळतात, पण लोकांना हातची हवी असतात. वीस वर्षं मीच लिहिते. यंदा उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, सोळा डिसेंबरला ऑपरेशन, आणि डाव्याचा भरवसा नाही. तेव्हा एवढं तू कर. कोरी कार्डं पाठवते, एकशे तीस. शुभवर्तमानातून प्रभू येशूचे शब्द उतरवायचे, एका कार्डावर एक. कुठले, ते तुला सांगायला नको.

बाकी ठीक. अमित आणि सून कॅनडात. तुझे दाजी गेल्यापासून वरच्या दोन खोल्या मी दर शनिवारी झाडते आणि कुलूप लावते. वर कोणी जात नाही तरी धूळ कुठून येते देव जाणे.

तुझी,
प्रतिभाताई


बोरपाडा, ता. पेठ
६ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

सलाम. कार्डं मिळाली. नाताळच्या तयारीत मला श्वास घ्यायला सवड नाही, म्हणून ते काम भागीबाईला दिलंय. मंगळूची बायको, चाळिशीची. दोन वर्षांपूर्वी माझ्या साक्षरता वर्गात बोटाने अक्षरं गिरवत होती, आता तिचं अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे. आजारी असल्याने शेतावर जाता येत नाही, बसल्या जागी लिहिते. शुभवर्तमानाचं एक पुस्तक तिच्या हातात दिलं आणि यातले प्रभूचे शब्द उतरव म्हणालो.

तिच्याबद्दलच विचारायचं आहे. तिच्या छातीत गाठ आहे. गेल्याच आठवड्यात नाशिकला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासण्या, मग ऑपरेशन, मग सहा आठवडे रोज शेक, म्हणजे ते किरणांचे उपचार. उपचार सरकारी योजनेतून होतील, पण राहणार कुठे? इथून बसने रोज जाऊन येऊन तिचा जीव जाईल. मंगळू द्राक्षांच्या कामाला निफाडकडे जाणार, नाही गेला तर खाणार काय?

ताई, तुझ्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. बाई शांत आहे, स्वच्छ आहे. दोन महिन्यांचा प्रश्न.

तुझा,
शांतवन


नाशिक
१४ डिसेंबर २०२४

प्रिय शांतवन,

कार्डं एसटीच्या कंडक्टरने आणून दिली, दोरा बांधलेली. एका डोळ्याने वरचं तेवढं पाहिलं, ‘भिऊ नका’ असं काहीसं होतं. अक्षर खरंच देखणं. दोरा न सोडता गठ्ठा डब्यात ठेवला आहे. तिला माझा सलाम आणि आभार सांग.

खोल्यांचं म्हणशील तर नेमकं यंदाच अडलंय. अमित आणि सून जानेवारीत यायचं म्हणतात. त्याआधी रंग काढायचा आहे, वर पाणीही नीट चढत नाही, आणि जिना उभा आहे, आजारी माणसाला कसा झेपायचा? पंचवटीत एक-दोन धर्मशाळा आहेत, रुग्णांच्या नातेवाइकांनाही ठेवतात म्हणे. मी चौकशी करते, म्हणजे डोळ्याचं उरकलं की. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करीन. प्रभू मार्ग काढतोच.

घाईत,
प्रतिभाताई


नाशिक
३ जानेवारी २०२५

शांतवन,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या मनःस्थितीत मी नाही. तू माझ्यावर कसला सूड उगवलास?

परवा उपासना छान झाली. केक झाला, चहा झाला, डबा फिरला. सगळ्यांनी डोळे मिटून कार्डं उचलली. दरवर्षी या वेळी ‘तुझं काय, माझं काय’ असा किलबिलाट होतो, तो नाही. आमचे सेक्रेटरी समाधान भालेराव कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते, मग जवळ धरून वाचत होते. त्यांना आलं होतं, तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना वाटून टाक. गंगापूर रोडला त्यांचा तिसरा फ्लॅट होतोय. पाळकसाहेबांना आलं, लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांपासून आणि पुढच्या खुर्च्या आवडणाऱ्यांपासून सांभाळून राहा. ते पुढच्या खुर्चीवरच बसले होते. लताबाईंची नवी सून निकिता, लग्नाला दोन महिने झालेली, तिने बिचारीने मोठ्याने वाचलं, मी शांती द्यायला नाही, फूट पाडायला आलो, सासू सुनेच्या विरुद्ध उठेल आणि सून सासूच्या. लताबाई शेजारीच. त्यांनी कार्ड तिच्या हातातून घेतलं, उलटं करून पाहिलं, मागे काही बरं लिहिलंय का म्हणून.

मग जी अदलाबदल सुरू झाली ती भाजीबाजारात शोभली असती. ‘हे माझं नाही, मी दुसरं उचलणार होते.’ ‘दोन चिकटली होती.’ डबा दोनदा फिरला तरी गोड एक निघेना. ‘भिऊ नका’ ज्याला मिळालं तो ते खिशात घालून घरी निघून गेला. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, काहीतरी चूक झाली आहे, येत्या रविवारी बरोबर वचनं काढू. बरोबर! म्हणजे प्रभू जे बोलला ते चूक, असंच झालं ना? पण तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मी मान हलवली.

माझं कार्ड सांगू? जेवण घालशील तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावू नकोस, ज्यांना परतफेड करता येत नाही त्या लुळ्यापांगळ्यांना बोलाव. खोल्यांबद्दल मला टोमणा मारायचा होता तर सरळ पत्रात मारायचास. एकशे तीस माणसांचं वर्ष कशाला नासलंस?

प्रतिभा


बोरपाडा
१२ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग रागावलो.

मी काही केलेलं नाही. भागीबाईला विचारलं. ती म्हणाली, प्रभूचे शब्द उतरवा म्हणालात, मी पहिल्या पानापासून जसे आले तसे उतरवले. त्यातले काही सोडायचे असतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती तुमच्या मंडळीत कधी आलेली नाही, तुमची गोड कार्डं तिने पाहिलेली नाहीत. आणि तुझं ते कार्ड तूच डोळे मिटून उचललंस, माझा हात बोरपाड्याहून तिथपर्यंत पोचत नाही.

पण बरं झालं. तुमचा येशू मला माहीत आहे. तो सोफ्यावर बसतो, चहा घेतो, मुलांच्या व्हिसासाठी शब्द टाकतो आणि कोणाला न दुखावता निघून जातो. त्याला गरीब आवडतात, पण गरिबांच्या गावी. आमचा तसा नाही. आमचा डोंगर चढून येतो आणि आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवतो. आखाडात भागीबाईच्या अंगणात आम्ही तेल लावून पहिली प्रार्थना केली, तेव्हा तिची गाठ हरभऱ्याएवढी होती. त्या दिवशी चिखलातून सत्तावीस माणसं आली होती. तुमच्याकडे रिमझिम असली तरी निम्मी बाकं रिकामी असतात.

तपासण्यांची तारीख गेली. राहायची सोय नाही म्हणून मंगळू तिला घेऊन गेलाच नाही. धर्मशाळेची चौकशी तू केलीस का?

शांतवन


नाशिक
२० जानेवारी २०२५

प्रिय शांतवन,

नाही केली.

अमितही येणार नाही. त्याने तीन वर्षांत एकदाही येतो म्हटलेलं नाही. रंग काढायचा नव्हता, आणि पाणी वर धो धो चढतं. हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं, आणि लिहिताना मला ते खोटं वाटलंच नाही, याची मला जास्त भीती वाटते. खरं एवढंच, की मला परकं माणूस घरात नको होतं. माझं न्हाणीघर, माझी भांडी, माझी दुपारची झोप. आणि आजार नको होता. दाजींच्या वेळेस पुरेसा पाहिला.

पाच तारखेला बरोबर वचनं काढली. मागच्या वर्षीची कार्डं मीच ट्रंकेतून शोधून दिली. सगळे खूश. मला आलं, ओझ्याने दमलेल्यांनो माझ्याकडे या, मी विसावा देईन. हेही त्याचेच शब्द आहेत ना रे? खोटे नाहीत. मग ते मला चोरल्यासारखे का वाटले? वीस वर्षं मी शुभवर्तमान हातात घेऊन बसायचे आणि तांदळातले खडे निवडावे तसं निवडायचे. आता मला कळत नाही, मी टाकत होते ते खडे होते की तांदूळ. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “प्रतिभाताई, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, जास्त वाचू नका.”

आता तुझ्याबद्दल. मला तुझ्यावर चिडायचा अधिकार उरलेला नाही, पण वाचता अजून येतं. डिसेंबरात तू लिहिलंस, गेल्याच आठवड्यात दाखवलं. आता म्हणतोस, आखाडात गाठ हरभऱ्याएवढी होती. आखाड ते मार्गशीर्ष पाच महिने होतात, शांतवन. त्या पाच महिन्यांत काय झालं?

तिला पाठव. कुलूप काढलं आहे. जिना उभा आहे एवढं मात्र खरं, पण मी हात धरीन.

तुझी,
ताई


बोरपाडा
२ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो.

मी इथे आलो तेव्हा रविवारी अकरा माणसं जमायची. दोन वर्षांपूर्वी मोतीरामची पाठ धरली होती, प्रार्थनेनंतर तो उठून बसला. बहुतेक आपोआपच सुटली असती, पण पाड्यापाड्यावर बोलबाला झाला आणि माणसं वाढत गेली. मग भागीबाई आली, गाठ घेऊन. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. ती म्हणाली, दवाखान्यात दाखवू का? मी नको असं म्हणालो नाही, ताई. एकदाही नाही. ‘थोडं थांबू, प्रभूला वेळ देऊ’ एवढंच म्हणालो. पण दर महिन्याला म्हणालो. ती बरी झाली असती तर काय झालं असतं, याची चित्रं मी मनात काढून ठेवली होती. माणसं, गाणी, बरं झाल्याच्या साक्षी, सगळं.

प्रभू बरं करत होता, हे तर लिहिलेलं आहेच. मी मनाचं काही जोडलं नाही. फक्त तेवढंच सांगत राहिलो. तुला सोफ्यावरचा येशू म्हणून हिणवलं, आणि माझा येशू मी हजेरीपटावर बसवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

गेल्या आठवड्यात तपासण्या झाल्या. गाठ हाडांत गेली आहे. आता ऑपरेशन करण्यात अर्थ नाही म्हणाले. पाठ दुखते त्यासाठी दहा दिवस शेक देतील, दुखणं कमी व्हावं म्हणून. मी डॉक्टरांना विचारलं, तीन आठवड्यांपूर्वी आणली असती तर? ते म्हणाले, तीन आठवड्यांनी काही बदललं नसतं, पाच महिने आधी आणली असती तर बोललो असतो. म्हणजे तू सुटलीस, ताई.

रविवारी बोलायला उभा राहिलो आणि बोलण्याऐवजी गाणं म्हणून बसलो. भागीबाई पुढेच बसली होती. ती माझ्याकडे रागाने बघत नाही, आणि मला ते सहन होत नाही. तिला सगळं कळतं की काहीच कळत नाही, ते मला कळत नाही.

दहा तारखेला मंगळू तिला तुझ्याकडे सोडून निफाडला जाईल. तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, जमलं तर विचार.

शांतवन


नाशिक
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय शांतवन,

भागीबाई पोचली, रुळली, आणि तिचे शेकही उद्या संपतील. पाठीचं दुखणं थोडं कमी आहे. डॉक्टरांचं ते ‘तीन आठवड्यांनी बदललं नसतं’ वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली. सुटले वगैरे म्हणू नकोस.

मी एकदम चांगली झाले असंही समजू नकोस. पहिल्या दिवशी मी तिचं ताट वेगळं ठेवायचं ठरवलं होतं. मी बोलायच्या आत तिनेच ते धुऊन वेगळ्या फळीवर ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ताटं एकत्र असतात. पण ती पहाटे उठून न्हाणीघरात बादली वाजवते तेव्हा मी अजूनही कपाळाला आठ्या घालते आणि मनातल्या मनात रागावते. खाटेवर झोपत नाही, खाली सतरंजीवर झोपते. मी केलेल्या नागलीच्या भाकरीला हसते. बरोबरच आहे, भाकरी हसण्यासारखीच होते.

रविवारी तिला मंडळीत नेलं. ‘हीच का ती’ म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. भालेरावांनी उठून जागा दिली. निकिताने तिच्या पाया पडून कानात काही सांगितलं, दोघी हसल्या. लताबाईंनी एक जुनी चांगली साडी आणून दिली, आणि मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, पुढच्या वर्षी कार्डं कोण लिहिणार आहे. मी म्हणाले, अजून ठरलं नाही. खरंच ठरलेलं नाही. गोड लिहू तर हात थांबतो, आणि कडू लिहिणारी मी कोण?

काल दुपारी आम्ही दोघी वरच्या गॅलरीत तूर निवडत बसलो होतो. मी तिला त्या एक जानेवारीची सगळी गंमत सांगितली. ती खूप हसली, मग कण्हली, मग पुन्हा हसली. मी म्हणाले, तू एकटी प्रामाणिक निघालीस, एकही शब्द न सोडता सगळं उतरवलंस, आम्ही मात्र वीस वर्षं निवडत बसलो. तेव्हा तिचं हसू थांबलं. तूर चाळत राहिली आणि खाली बघत म्हणाली, “नाय बाई. येक मीबी सोडलं.”

मी विचारलं कुठलं. ती म्हणाली, “तुज्या इस्वासानं तू बरी झालीस, असं त्यो म्हनतो. चार डाव आलं. चारी डाव नाय लिवलं.”

का, असं मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

“कुना आजारी बाईच्या हातात पडलं असतं, तं ती काय म्हनली असती? माजाच इस्वास कमी पडला म्हनून रडत बसली असती वर्षभर. मी रडले ना.”

शांतवन, आम्ही निवडलं ते आमच्या सुखासाठी, तू निवडलंस ते तुझ्या गर्दीसाठी, आणि हिने निवडलं ते न पाहिलेल्या कुठल्याशा बाईसाठी. निवडलं तर सगळ्यांनीच. पण हे एकाच मापाने मोजता येतं का, ते मला सांगता येत नाही. आणि ते वाक्य तर त्याचंच आहे, चार वेळा म्हटलेलं. ते खोटं म्हणू? की तिचं रडणं खोटं म्हणू?

तुझ्याबद्दल मला विचारावंच लागलं नाही. मी पत्र लिहिणार आहे म्हणाले, तर तिने तूर बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि मी लिहून घ्यावं म्हणून थांबली. मी कागद घेतल्यावर म्हणाली, “गुरुजींना लिवा, माजा इस्वास कमी नव्हता. तुमचाबी नव्हता.”

मग मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि आत जाऊन पडली. तिने तुला माफ केलं, की तुझ्यावर उरलेलं सगळं ओझं टाकलं, की देवाला काही विचारलं, ते मला कळलेलं नाही. जसं सांगितलं तसं लिहिलं आहे, एक शब्दही सोडलेला नाही.

हे पत्र उद्या एसटीच्या कंडक्टरकडे देते. तिला मंगळवारी सकाळच्या गाडीने घेऊन येते. स्टँडवर ये. तूच ये, दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस.

तुझी,
ताई